चौथी सीट

लोकलच्या सेकंड क्लासचं बाकडं रेल्वेने तिघांसाठी बनवलं. चौथ्याची सोय मुंबईकरांनी आपापसात केली. ही सीट तिकिटावर नाही, नियमात नाही, ती मागावी लागते. 'सरका जरा' एवढंच म्हणायचं असतं, आणि तिथेच माझं घोडं पेंड खातं.

आवाज नाही असं नाही. गणपतीत माझी आरती पलीकडच्या बिल्डिंगपर्यंत जाते. पण बाकड्याशी उभा राहिलो की तोंडातून 'अहो...' एवढंच निघतं, तेही फोनवर कुणाशी तरी बोलतोय असं वाटावं इतपत. तिसऱ्या सीटवरच्याने तर डोंबिवलीलाच डोळे मिटलेले असतात. त्याला झोप लागलेली नसते, हे त्याला ठाऊक, मला ठाऊक, अख्ख्या डब्याला ठाऊक.

बायकोने ठामपणावरचा एक व्हिडिओ पाठवला. ताठ उभे राहा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, 'मला' ने वाक्य सुरू करा. सांगणारा सकाळच्या स्लोला कधी चढला नसावा. ताठ उभं राहायला दोन्ही पाय आपल्या ताब्यात लागतात. डोळ्यांत बघावं तर त्या मिटलेल्या पापण्या. आणि 'मला असं वाटतं की आपण थोडंसं...' होईस्तोवर कळवा गेलेलं असतं. बायको स्वतः मात्र लेडीज डब्यात शिरता शिरता 'कुठे उतरणार?' विचारते आणि घाटकोपरची सीट बुक करून मोकळी होते. तिला कुणी व्हिडिओ पाठवला नव्हता.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा 14 डब्यांत 400 माणसं होती म्हणे. त्यातला प्रत्येक पुरुष ठाम वाटला असणार. जागाच तेवढी होती!

परवा मुंब्रा गेलं आणि मी पोट आत घेतलं. 'सरका जरा!' असा काही निघाला की पलीकडच्या बाकड्यावरचेही तिघे सरकले. तिसऱ्या सीटवरच्या पोराने टक्क डोळे उघडले, भिंतीकडे रेटून जागा केली आणि म्हणाला, "बसा ना काका. मघाशीच सांगायचं."

काका? आदल्याच रविवारी मी केस काळे केले होते.

"काका कुणाला म्हणतोस रे? नको मला तुझी सीट!" मी ठणकावलं. वाक्य संपायच्या आत मागचा एकजण माझ्या काखेखालून येऊन तिथे बसलासुद्धा. दादरपर्यंत मी अत्यंत ठामपणे उभा होतो.