मास्कपायी गेलेली खिडकी

एसटीत खिडकीची जागा मिळवण्याचं एक शास्त्र आहे आणि ते मला येतं. धुळे स्टँडवर गाडी फलाटाला लागते न लागते तोच बाहेरून खिडकीतून रुमाल आत टाकायचा, दारातल्या घोळक्यात कोपरं चालवत शिरायचं, आणि आपल्या रुमालावर दुसरं कुणी बसलेलं असेल तर तो आपणहून उठेपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघत राहायचं. परवा हे सगळं यथासांग पार पाडून मी जळगाव गाडीत खिडकीशी बसलो. पारोळा यायच्या आत खिडकी गेली. का, तर मी मास्क लावला होता.

मास्कचं कारण साधं आहे. जळगावला मावशीची केमो चालू आहे. केमोत पांढऱ्या पेशी घटतात, अशा माणसाला साधी सर्दीसुद्धा महागात पडते. भेटायला येणाऱ्यांनी गर्दीतून काही घेऊन येऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. यात हसण्यासारखं काही नाही. पण भरल्या एसटीत मास्क लावून बसलेला माणूस हा आता तमाशाच आहे, आणि तो बघायला तिकीट नाही.

तिकिटावरून आठवलं. गाडीत पंचाहत्तरीपुढची मंडळी होती, त्यांना २०२२पासून प्रवास फुकट. बायका होत्या, त्यांना २०२३पासून अर्धं तिकीट. कॉलेजची पोरं पासवाली. पूर्ण भाडं मोजणारा बहुधा मी एकटाच. माझी कुणाच्या सवलतीबद्दल तक्रार नाही, मिळायलाच हवी. पण मग निदान खिडकी तरी माझ्याकडे राहू द्यायची!

शेजारी जे बाबा येऊन बसले, त्यांचं रूप नीट सांगायला हवं. पांढरं धोतर, सदरा, डोक्यावर टोपी, आणि टोपीवरून कान, गाल, नाक, हनुवटी असं सगळं गुंडाळून मागे गाठ मारलेला भलामोठा बागायती रुमाल. उघडे फक्त डोळे. खिशात कांदा असावा. उन्हाळ्यात आमच्याकडे तो असतोच, आणि त्याचा वास आपली ओळख आपणच करून देतो. पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की खान्देशात हा पोशाख पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचा. स्कूटीवरच्या मुली तर अशा तोंड बांधतात की सख्ख्या बापाला गाडीच्या नंबरवरून पोरगी ओळखावी लागते. तेव्हा बाबांच्या बांधलेल्या तोंडाबद्दल मला काही वाटलं नाही.

त्यांना मात्र माझ्याबद्दल वाटलं. त्यांनी बोलण्यासाठी रुमाल नाकावरून हनुवटीखाली ओढला आणि विचारलं, ‘‘काय व्हयेल शे तुले?’’

‘‘काही नाही बाबा.’’

‘‘काही नही ते मंग तोंड का बरं बांधं?’’

आता, तोंड बांधलेल्या माणसानं हे विचारावं! पण वडीलधारं माणूस. मी म्हटलं, ‘‘मावशीला भेटायला चाललोय. ती आजारी आहे.’’

बाबांनी हे मनात घोळवलं. गाडी स्टँडबाहेर पडली, वळली, हायवेला लागली. मग त्यांना त्यातली गोम सापडली.

‘‘बिमार ती शे, अन् तोंड तू बांधस?’’

‘‘तिला माझ्याकडून काही लागू नये म्हणून.’’

‘‘म्हंजे तुले काहीतरी शे!’’

‘‘मला काही नाही हो.’’

‘‘मंग तिले काय लागी?’’

इथे मी अडकलो. तर्कशास्त्रात याला उत्तर असेल, धुळे-जळगाव गाडीत नव्हतं. मी केमो, पांढऱ्या पेशी, गर्दीतले जंतू वगैरे सांगायला लागलो. मास्कमधून, इंजिनाच्या आवाजावर ताण देत. बाबांना त्यातलं एकच कळलं असावं, कारण ते मागे वळून पुढच्या-मागच्या तीन बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘काहीतरी जंतू शेतस म्हने याले!’’

मागच्या बाकावरच्या आजीबाईंनी नातवाला मांडीवरून पलीकडच्या मांडीवर घेतलं. तिच्याही पलीकडे कुणीतरी ‘टीबी’ असा हळू उच्चार केला. फागणं येईपर्यंत मी टीबीचा पेशंट झालो होतो. कंडक्टर आले, मी ‘जळगाव एक’ म्हटलं, त्यांना ऐकू आलं नाही, मी पुन्हा म्हटलं, तर म्हणाले, ‘‘ते काढा ना साहेब तोंडावरचं, आता कोण दंड घेतंय?’’ सगळी गाडी हसली. मीही हसलो. मास्कच्या आत हसलेलं कुणाला दिसत नाही, हा मास्कचा मोठाच तोटा. रागावलेलंही दिसत नाही, हा फायदा.

आणि मग बाबांनी डाव टाकला. आवाजात अपार माया आणून ते म्हणाले, ‘‘तू आठे सरक, भो. बिमार मानुसनी वारामा बठू नही.’’

‘‘मी बिमार नाहीये, बाबा.’’

‘‘बिमार मानूस असंच सांगस.’’

तोवर ते उठून उभे राहिले होते आणि आजीबाईंसकट आख्खी लोकशाही त्यांच्या बाजूने होती. ‘‘सरका हो भाऊ, तुमच्याच भल्यासाठी सांगताय ते.’’ मी सरकलो. बाबा खिडकीशी बसले, पाय पसरले, सदऱ्याच्या आतून चंची काढली, चुना-तंबाखू मळली, ओठाखाली ठेवली, आणि थोड्या वेळाने काच सरकवून बाहेर पिंक टाकली. खिडकी कशासाठी हवी होती ते तेव्हा उलगडलं. गाडी वेगात होती. वाऱ्याने आपलं काम केलं. जे काही आत परत आलं त्यातलं बरंचसं माझ्या मास्कने झेललं. पाच रुपयांत एवढी सेवा दुसरं कुणी देत नाही.

मला राग बाबांचा आला नव्हता, किंवा फक्त बाबांचा आला नव्हता. राग येतो तो या गावगाड्याच्या विसरण्याचा. २२ मार्च २०२०ला संध्याकाळी पाचला ताटं-पराती बडवून ज्यांनी घरातल्या पितळी भांड्यांना पोचे आणले, ती हीच मंडळी. २५ मार्चला, ऐन पाडव्याच्या दिवशी, देश बंद झाला आणि आमच्याकडच्या कित्येक गावांनी सरकारच्या पुढे जाऊन वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. पुण्या-मुंबईहून, सुरतेहून आलेली आपलीच पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवली. त्यांच्या आया लांबून डबा ठेवून मागे सरकायच्या. तेव्हा मास्क न लावलेला माणूस गुन्हेगार होता. आता लावलेला आहे. माणूस तोच, मास्क तोच.

मधल्या काळात आम्ही नियम पाळले नाहीत असं कुणी म्हणू नये. आम्ही ते आमच्या पद्धतीने पाळले. रेशन दुकानासमोर चुन्याने गोल आखून दिले होते. गोलात चपला अंतर ठेवून उभ्या असायच्या आणि चपलांचे मालक शेजारच्या निंबाखाली एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. मास्क हनुवटीला असायचा आणि चौकात पोलीस दिसला की वर चढायचा. पाचशे रुपयांची पावती फाटू नये यासाठी होता तो, विषाणूला काही सांगायचं नव्हतं. तिबलसीट मोटरसायकलवर तिघांत एक मास्क असायचा, चालवणाऱ्याला. अर्सेनिक अल्बमच्या बाटल्या घरोघर आल्या, त्यांवर औषधाच्या नावापेक्षा वाटणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो मोठा. एप्रिल २०२१मध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा हुकूम निघाला, तर लोकांनी पंचवीस माणसं मांडवात ठेवली आणि उरलेली केळीच्या बागेत. वरण-बट्टी बागेत पोचत होती.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. झोके बांधायचे, सासुरवाशिणींनी माहेरी यायचं, गाणी म्हणायची, हा आमचा वर्षातला मोठा सण. २०२०ची आखाजी एप्रिलात आली, २०२१ची मे महिन्यात, दोन्ही बंदीत गेल्या. मावशी त्या दोन्ही वर्षी फोनवर रडली होती. २०२०च्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट होता. रोज संध्याकाळी आकडे यायचे आणि त्यात कुणी ओळखीचं आहे का हे आम्ही फोनाफोनी करून शोधायचो. पुढे २ एप्रिल २०२२ला, पुन्हा पाडव्यालाच, राज्याने सगळे निर्बंध उठवले. गुढ्या उभारल्या. मास्क उतरले ते कायमचे, जणू मधली दोन वर्षं कुणी शेजारच्या जिल्ह्यात घालवली होती.

एरंडोलला गाडी थांबली तेव्हा बाबांची तंबाखू संपली होती आणि त्यांना गप्पा हव्या होत्या. ‘‘आम्ही ते दोन्ही साल काही बांधं नही,’’ रुमाल पुन्हा नाकावर चढवत ते म्हणाले. ‘‘डॉक्टर लोकेसना धंदा शे भो तो.’’

मी गप्प राहिलो.

‘‘मना धाकला भाऊ गया त्या साले. दुसरी लाटमा. दवाखानामा बेड भेटना नही.’’ ते बाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळून, जणू मी काही बोललो होतो, म्हणाले, ‘‘पन तो करोनानी नही गया भो. भ्यावमा गया.’’

भीतीने गेला. हे मी किती घरांत ऐकलंय! श्वास घेता येत नव्हता, ऑक्सिजन मिळत नव्हता, रेमडेसिव्हिरसाठी पोरगं मध्यरात्री रांगेत उभं होतं, आणि तरी माणूस गेला तो भीतीने. मला बाबांना काही सांगायचं होतं, पण मी सगळ्या गाडीच्या लेखी टीबीचा पेशंट, खिडकी गमावलेला. माझं कोण ऐकणार? पाळधीला त्यांनी खिशातला कांदा काढून माझ्या हातात ठेवला. ‘‘ऊन लागी तुले. ठेव.’’ आणि उतरून गेले. खिडकी मोकळी झाली तेव्हा जळगाव आलंच होतं.

मावशीकडे पोचलो. मास्क बदलला, हात साबणाने धुतले, आणि आतल्या खोलीत गेलो तर पलंगाभोवती जत्रा. मामा, मामी, मावशीच्या दोन्ही नणंदा, भुसावळचे पाहुणे, त्यांची शेंबडी नात मावशीच्या उशीशी. मामा दर वाक्यानंतर खोकत होते आणि खोकला मुठीत पकडून त्याच मुठीने मावशीचा हात थोपटत होते. मी मास्कमध्ये आत आलो तर मामी म्हणाली, ‘‘बाई गं! घरच्यांपासून काय तोंड लपवायचं?’’ मी डॉक्टरांचं सांगितलं. मामा म्हणाले, ‘‘डॉक्टरांना सांगायलाच लागतं. आपली माणसं भेटली की निम्मा आजार बरा होतो.’’ आणि खोकले. मावशी माझ्याकडे बघून क्षीण हसली. तिच्या उशाखाली तिचाही मास्क होता, घडी घातलेला. पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून तिने तो काढून ठेवला होता. हे मला तिच्या सुनेने स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता सांगितलं, आणि वर म्हणाली, ‘‘दादा, तुम्हीच सांगा ना सगळ्यांना. मी सांगितलं तर सून माणसं तोडते असं होतं.’’

मी सांगितलं. मामा रुसले, चहा अर्धा ठेवून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले, तिथे जाऊन मोकळेपणी खोकले. मामींनी त्यांना समजावून परत आत आणलं, कारण सगळे एकत्र आलेच आहेत तर एक फोटो व्हायलाच पाहिजे. भुसावळच्या पाहुण्यांनी मोबाईल लांब धरला आणि म्हणाले, ‘‘दादा, एवढ्यापुरता काढा ना, ओळखू येत नाही तुम्ही.’’ मी नाही म्हटलं. मावशीच्या बाजूने कुणीतरी नाही म्हणायला हवंच होतं, आणि खरं सांगायचं तर तोवर मी हट्टालाही पेटलो होतो.

रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो आला. माझ्या बाजूने तो कापलेला आहे. माझा एक खांदा आणि शर्टाचं एक बटण एवढं राहिलंय. खाली हात जोडल्याची चिन्हं आहेत, फुलं आहेत, ‘लवकर बऱ्या व्हा’ आहे. आणि मामांनी लिहिलंय, ‘सगळी आपली माणसं आली. धुळ्याचे तेवढे दिसत नाहीत. कामात असतील.’