'२९ आमदार नाहीत म्हणून विरोधी पक्षनेता नाही' हे घटनेत नक्की कुठल्या पानावर आहे?

आमच्या परळच्या चाळीचा टॉवर होऊन बरीच वर्षं झाली तरी व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव अजून चाळीचंच आहे, आणि त्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दर पंधरा दिवसांनी नव्याने उगवतो. अधिवेशन जवळ आलं की जास्तच. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: विधानसभेत विरोधी पक्षनेता का नाही तर घटनेतच १० टक्क्यांची अट आहे, २८८ चे १० टक्के म्हणजे २९ आमदार लागतात. महाराष्ट्राच्या इतिहासात २९ च्या खालच्या पक्षाला हे पद कधीही मिळालेलं नाही. विरोधातल्या तीन पक्षांचे मिळून ४६ होते पण एकत्र यायची अक्कल नव्हती म्हणून पद गेलं. आणि शेवटी, तसंही हे पद म्हणजे लाल दिवा आणि बंगला, नसलं तर कोणाचं काय अडतंय.

खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' आहेच. दोनदा गप्प बसलो, तिसऱ्यांदा आमच्या मामांनीच टाकलं म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, मी कुठल्या सेनेचा नाही, दोन्हीकडचे लोक मला दुसऱ्याचा समजतात.

आधी आकडे, म्हणजे त्यावर वाद नको. नोव्हेंबर २०२४ चा निकाल: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१, झाले २३०. समोर ठाकरेंची सेना २०, काँग्रेस १६, पवारसाहेबांची राष्ट्रवादी १०. उरलेले १२ म्हणजे समाजवादी २, जनसुराज्य २, अपक्ष २ आणि एकेक आमदारवाले सहा पक्ष, एमआयएम, माकप, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), रासप वगैरे. त्यामुळे विरोधातल्या कोणाकडेच २९ नाहीत हे फॉरवर्डचं म्हणणं खरंच आहे. खोटं आहे ते त्याच्या पुढचं.

'घटनेत लिहिलंय' हे वाचून मला आधी वाटलं की कोणीतरी दहावं परिशिष्ट आणि दहा टक्के यात गोंधळ घातलाय (दहावं परिशिष्ट पक्षांतराचं, त्याचा इथे संबंध नाही). पण घटनेत एक दशांश खरंच आहे, फक्त तो कलम १८९ मध्ये आहे आणि कोरमसाठी आहे. म्हणजे विधानसभेचं कामकाज चालायला किमान १० सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या एक दशांश, यातले जे जास्त असतील तेवढे हजर पाहिजेत. २८८ चा दशांश २८.८, म्हणून २९. आता हा कोरमचा आकडा विरोधी पक्षनेत्याच्या गळ्यात कसा पडला, तर लोकसभेचे पहिले अध्यक्ष मावळणकर, हे आधी आपल्या मुंबई विधानसभेचेच अध्यक्ष होते १९३७ पासून, त्यांनी असं ठरवलं की सभागृहात 'पक्ष' म्हणून मान्यता हवी तर स्वतःच्या जिवावर कोरम भरेल एवढी माणसं असावीत. ती मान्यता कशासाठी, तर बसायच्या जागा, बोलायला वेळ, खोल्या वगैरे. पुढे लोकसभेत ती प्रथा विरोधी पक्षनेत्यालाही लावली गेली, म्हणून २०१४ ला ४४ आणि २०१९ ला ५२ असताना काँग्रेसला तिथे पद मिळालं नाही.

पण ती लोकसभेची प्रथा झाली. महाराष्ट्राचा याविषयीचा कायदा वेगळा आहे, १९७८ चा, विरोधी पक्षनेत्यांच्या पगार आणि भत्त्यांचा. त्यात व्याख्या साधी आहे: सरकारच्या विरोधात असलेल्या पक्षांपैकी ज्याचं संख्याबळ सर्वात जास्त त्या पक्षाचा सभागृहातला नेता, आणि अध्यक्षांनी ज्याला मान्यता दिली असा. बस. टक्केवारी नाही, २९ नाही. संख्याबळ सारखं असेल तर काय करायचं तेसुद्धा लिहिलंय, पण किमान किती हवेत ते लिहिलेलं नाही.

आता याच वाक्यावर दुसऱ्या बाजूचे लोक उड्या मारतात, 'बघा, द्यावंच लागतं'. तसंही सरळ नाहीये हो. 'अध्यक्षांनी मान्यता दिली असा' हे शब्द पण त्याच व्याख्येत आहेत आणि पद अडकलंय ते तिथेच. ठाकरेंच्या सेनेने मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधवांचं नाव अध्यक्षांकडे दिलं. मान्यता द्यायची की नाही आणि कधी द्यायची हे अध्यक्षांच्या हातात, कायद्यात मुदत नाही. तेव्हा अध्यक्षांनी मान्यता दिली नाही असं म्हणा, बरोबर आहे. त्यांनी ती द्यायला हवी होती की नको यावर हवं तेवढं भांडा. पण घटनेने दिली नाही असं म्हणू नका, घटनेचा काही दोष नाही त्यात.

दुसरा मुद्दा इतिहासाचा, आणि हा वाचून खरंच हसू आलं कारण इतिहास नेमका उलटा आहे. १९८५ च्या निवडणुकीनंतर शरद पवार विरोधी पक्षनेते होते, त्यांच्या समाजवादी काँग्रेसचे ५४ आमदार होते त्यामुळे प्रश्नच नव्हता. मग १९८६ च्या शेवटी पवार परत काँग्रेसमध्ये गेले आणि विरोधी बाकांवर मोठं असं कोणी उरलं नाही. जनता पक्ष त्या निवडणुकीत निवडून आला होता २० जागांवर. हो, २०, ठाकरेंच्या आजच्या आकड्याएवढेच. भाजप १६, म्हणजे आजच्या काँग्रेसएवढा. शेकाप १३. आणि सभागृह तेव्हाही २८८ चंच. तर त्याच सभागृहात मालेगावचे निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले, जनता पक्षाचे, आणि अलिबागचे दत्ता पाटीलही झाले, शेकापचे! १३ वाल्या पक्षाचे. त्याच्याही मागे जायचं तर १९६२ ला २६४ च्या सभागृहात शेकापचे १५ होते आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. नवी मुंबईच्या विमानतळाला ज्यांचं नाव द्या म्हणून एवढी आंदोलनं झाली ते दि. बा. पाटीलसुद्धा शेकापचे विरोधी पक्षनेते होतेच की. बाहेरचं उदाहरण हवं असेल तर दिल्ली, २०१५, ७० पैकी भाजपचे ३, एका रिक्षात बसतील एवढे, तरी विजेंदर गुप्ता विरोधी पक्षनेते होते.

'कधीही नाही' असं लिहिताना माणसाने निदान एकदा तरी शोधावं.

तिसरा, ४६ चा. यात गंमत म्हणजे दोन्ही बाजू एकच चूक करतात. फॉरवर्डवाले म्हणतात एकत्र आले नाहीत म्हणून गेलं, आणि आघाडीचे समर्थक म्हणतात आमची आघाडी निवडणुकीआधीची होती तेव्हा ४६ धरा. कायदा 'पक्ष' म्हणतो, आघाडी नाही. १९९० ला शिवसेना ५२ आणि भाजप ४२, दोघांची युती होती, म्हणजे मिळून ९४. तरी विरोधी पक्षनेते मनोहर जोशी झाले कारण सेना मोठी, आणि १९९१ ला भुजबळ आमदार घेऊन बाहेर पडले, सेनेचा आकडा खाली आला तसं पद गेलं गोपीनाथ मुंडेंकडे. युतीतल्या युतीत! ९४ ची बेरीज तेव्हा कोणी केली नाही. म्हणजे २० मध्ये १६ आणि १० मिळवायची गरजही नाही आणि उपयोगही नाही, प्रश्न फक्त सर्वात मोठा कोण एवढाच आहे आणि ते २० आहेत. (त्या २० पैकी १० मुंबईतले आहेत बरं का, ३६ पैकी १०, म्हणजे सर्वात मोठ्या विरोधी पक्षाचा अर्धा भाग विधानभवनाला लोकलने जाऊ शकतो.)

राहिला लाल दिव्याचा मुद्दा. कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळतो हे खरं. आणि या खुर्चीवरून लोक सत्तेत उड्या मारतात हेही आपण पाहिलंय, २०१४ ला एकनाथ शिंदे महिनाभरच विरोधी पक्षनेते होते मग मंत्री, २०१९ ला विखे पाटील, २०२३ ला अजितदादा. त्यामुळे लोकांना ही वेटिंग रूम वाटते त्यात लोकांची चूक नाही. पण 'काही अडत नाही' हे खोटं आहे. राज्य मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, विधानसभा अध्यक्ष, गृहमंत्री यांच्याबरोबर विरोधी पक्षनेता असतो. तो नसेल तर खुर्ची रिकामी ठेवून समिती बसते, आणि जागा रिकामी होती एवढ्यावरून नेमणूक रद्द होत नाही असंही कायद्यात आहे. म्हणजे विधानसभेकडून सगळी सत्तेतलीच माणसं.

माहिती आयुक्तांचं मात्र वेगळं आहे, आणि ज्याने आरटीआयचं दुसरं अपील टाकून वाट बघितलीय त्याला हे आयुक्त कोण निवडतं याची किंमत कळते, मी त्यातलाच. तिथे २००५ च्या कायद्यातच स्पष्टीकरण आहे की विरोधी पक्षनेत्याला मान्यता दिलेली नसेल तर विरोधातल्या सर्वात मोठ्या गटाच्या नेत्यालाच विरोधी पक्षनेता धरायचं. संसदेने हे वाक्य मुद्दाम घातलंय, कारण ही वेळ येणार हे त्यांना माहीत होतं. तिथेही टक्के मोजलेले नाहीत.

मामांना हे सगळं पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, 'एवढं मोठं कोण वाचणार, २९ बरोबर आहे की नाही ते सांग.' कोरमसाठी बरोबर आहे, मामा.