म्हणे किनाऱ्यावर सापडला!

शोकेसमधला चकचकीत शंख दाखवत कुणी "किनाऱ्यावर सापडला हो" म्हणालं, की मला राहवत नाही. रविवारी दादरला एका परिचितांकडे तेच झालं. चहा गार झाला, पण मी बोललेच.

शंख टेक्स्टाईल कोनचा, म्हणजे कोन नावाच्या विषारी समुद्री गोगलगायींतल्या एका जातीचा. टोक शाबूत, पांढऱ्यावर तपकिरी त्रिकोणांची जाळी, कडेला कुठे टवकाही उडालेला नाही. अहो, लाटांनी वाळूत घोळवलेला शंख असा राहतो होय? टोक बोथट होतं, रंग उडतो, भोकं पडतात. उलट जिवंत कोनवर मळकट पापुद्रा असतो. तो खरवडून, आतला जीव उकळून नाहीतर कुजवून काढला की मग ही झिलई दिसते. म्हणजे जितका देखणा, तितका तो जिवंत धरलेला असण्याची शक्यता जास्त.

नशीब, तो 'ग्लोरी ऑफ इंडिया' नव्हता. ही कोनचीच दुसरी जात, शास्त्रीय नाव कोनस मिल्नेएडवर्डसी. उंच निमुळता कळस, मोठा नमुना 15 सेंटीमीटरच्या पुढे जातो. 1894 साली जुसोम या फ्रेंच अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं. आणि हा आपल्या दारचाही आहे बरं का! टाउनसेंड नावाचा कप्तान तारखात्याच्या केबल जहाजावर होता. समुद्रतळाची केबल दुरुस्तीला वर ओढली की तिच्याबरोबर येणारे शंख तो जपून ठेवायचा. मुंबईपलीकडच्या अरबी समुद्रातल्या अशाच शंखाला मेलव्हिल आणि स्टँडन या शंख-अभ्यासकांनी 1899 मध्ये नवीन जात म्हणून नाव दिलं. पुढे तो याच जातीत धरला गेला. 2001 साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, त्याचं नाव आलं, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. वाघाचं कातडं दिवाणखान्यात टांगायला आज कुणी धजेल का? शंखाचं मात्र कौतुक होतं.

"मग देवघरातला शंख?" हा प्रश्न येणारच. तो वेगळा प्राणी, टर्बिनेला पायरम. मन्नारच्या आखातात त्याची मासेमारी फार जुनी आहे आणि 2001 च्या त्या यादीत तो नव्हता. उगाच धर्मावर गाडी नेऊ नका.

बघायची हौस असेल तर ओहोटीला जुहू नाहीतर हाजीअलीला जा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले किनाऱ्यावर फिरवून दाखवतात. फोटो हवे तेवढे काढा, पण जिवंत कोनला हात लावू नका. त्याचा भाल्यासारखा दात विषारी असतो. आणि रिकामा वाटणारा शंखही तसाच राहू द्या, आत खेकड्याने बिऱ्हाड केलेलं असू शकतं.