भात्याला दिलेली दाद

शनिवारी भर सभागृहात मी भात्याला दाद दिली. वादक ऑर्गनवर बसले, पाय हलले, एक लांब षड्ज घुमला आणि मी खणखणीत ‘वा!’ म्हणालो. शेजारचे काका समोर बघतच म्हणाले, “भाता तपासताहेत ते. अजून सुरू व्हायचंय.” पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या.

मग काकांनी माझं शिक्षणच हाती घेतलं. सारवासारव म्हणून मी पुटपुटलो, “पायपेटी सुरेख आहे.”

“ऑर्गन म्हणा. पेटी हवा बाहेर ढकलते, हा आत ओढतो. म्हणून आवाज गोल.”

“आणि पेटीचा?”

“चौकोनी.”

एवढं बोलून त्यांनी खिशातून आलेपाकाची वडी काढली. तिचा कागद उलगडायला एक अख्खं विलंबित आवर्तन लागलं. मी नुसता खोकलो तर म्हणे, “श्शू!”

तोवर निवेदिकाबाईंनी वादकांचा परिचय सुरू केला होता. वडिलांच्या कीर्तनातल्या पेटीवर सुटलेली गाडी थेट बालगंधर्वांच्या कंपनीत शिरली. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर तिरखवाँसाहेब, सगळ्यांना भेटून ती 1940 साली रेडिओने पेटीवर घातलेल्या बंदीपाशी थांबली. “1971 ला उठली! तीही अर्धवटच!” काका ओरडले. बाईंनी त्यांचे आभार मानले. त्यांना कोणी श्शू केलं नाही.

मग शाल, श्रीफळ, प्रायोजकांचे दोन शब्द. त्या दोन शब्दांतच 15 मिनिटं गेली. आणि ज्यांचा हा सत्कार, ते बिचारे पायट्यांवर पाय ठेवून बसलेले. आयुष्यभर गाणाऱ्यांच्या मागे वाजवलं. एक संध्याकाळ स्वतःची मिळाली, तर तीही भाषणांनी खाल्ली. सभागृह 9 ला रिकामं करायचं होतं, वाजवायला उरली जेमतेम 35 मिनिटं. याचा मला अजून राग आहे.

वाजवलं मात्र असं की बोलायची सोय नाही. यमन रागात तीव्र मध्यमावर थांबून त्यांनी आवाज वाढवायची पट्टी गुडघ्याने हळूच बाजूला रेटली आणि तोच सूर फुगत फुगत छतापर्यंत गेला. काकांचे डोळे मिटलेले, आणि दोन्ही पाय ऑर्गन चालवत होते. पैकी उजवा माझ्या चपलेवर, चपलेत मी. या खेपेला मी ओठ घट्ट मिटून बसलो.

काकांनी कोपर मारलं. “दाद द्या की हो! कलाकाराला बरं वाटतं.”