पिवळी गाडी आणि आपला मुंज्या

2024 च्या जूनमध्ये 'मुंज्या' हिंदीत आला आणि दणकून चालला. तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकच रडगाणं चालू आहे: भूत कोकणातलं, दिग्दर्शक मराठी, मग सिनेमा हिंदीत का? 2018 साली 'तुंबाड'च्या वेळीही हेच झालं होतं. वाद कुठे जाणार हेही ठरलेलं. एक जण मल्टिप्लेक्सवाल्यांना शिव्या घालतो, दुसरा मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायच्या 2015 च्या सक्तीची आठवण काढतो, तिसरी म्हणते मराठी माणूस तिकीटच काढत नाही, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं की आपल्याकडे पैसा नाही. मी मॉस्कोत औषधांच्या धंद्यात आहे. 'तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं' हे ऐकायची सवय झाली आहे, म्हणून बोलतेच.

कारण हाच प्रश्न इथे 2004 च्या जुलैमध्ये एका व्हॅम्पायरपटाने बऱ्यापैकी निकालात काढला होता. तिमूर बेकमाम्बेतोव्हचा 'नोच्नोय दोझोर', म्हणजे रात्रीचा पहारा. सोव्हिएत संघ कोसळल्यावर इथली थिएटरं ओस पडली होती, कित्येकांत फर्निचरची आणि गाड्यांची दुकानं थाटली होती. जी चालू होती तिथे हॉलिवूडचं राज्य. अशा वेळी सुमारे 40 लाख डॉलरात बनलेला हा सिनेमा घरच्या तिकीटबारीवर त्याच्या चौपटीच्या आसपास कमावून गेला आणि त्या वर्षी अमेरिकन सिनेमांच्या पुढे पहिला आला. 40 लाख डॉलर म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. तेव्हा 'पैसा नाही' हे रडगाणं जरा बाजूला ठेवू.

गोष्ट थोडक्यात अशी. मध्ययुगात एका पुलावर प्रकाशवाले आणि अंधारवाले भिडतात. बळ समसमान आहे, कोणीच उरणार नाही, हे प्रकाशवाल्यांच्या म्होरक्याला कळतं आणि तह होतो. तेव्हापासून रात्रीचा पहारा अंधारवाल्यांवर नजर ठेवतो आणि दिवसाचा पहारा प्रकाशवाल्यांवर. व्हॅम्पायरला माणसाचं रक्त प्यायचं तर परवाना लागतो. विनापरवाना प्यायलात तर कारवाई. आता हा रात्रीचा पहारा आजच्या मॉस्कोत राहतो कुठे? किल्ल्यात नाही, तळघरात नाही. 'गोरस्वेत'मध्ये! म्हणजे शहराच्या दिवाबत्ती खात्यात. त्यांची गाडी म्हणजे दुरुस्तीवाल्यांचा पिवळा ट्रक. रस्त्याच्या मधोमध अंधारवाल्यांचा प्रमुख झावुलोन उभा असतो आणि तो ट्रक त्याच्यावरून कोलांटी मारून पलीकडे उतरतो. प्रकाशवाल्यांचा म्होरक्या गेसर सुटाबुटात टेबलामागे बसतो, अगदी खातेप्रमुखासारखा. ती भूमिका केली आहे व्लादिमीर मेन्शोव्हने, ज्याच्या स्वतःच्या सिनेमाला ऑस्कर मिळालं होतं.

माझ्या मते सिनेमाचं सगळं यश त्या पिवळ्या ट्रकात आहे. पुण्यात गुरुवारी पाणी नसतं, तसं इथे दर उन्हाळ्यात पाइपांच्या दुरुस्तीसाठी काही दिवस गरम पाणी बंद असतं, आणि खात्याच्या गाड्या गल्लीबोळांत खड्डे खणून बसतात. त्या गाड्यांत जादूगार बसलेत म्हटल्यावर मॉस्कोकर आधी हसला असणार आणि मग त्याला ते पटलंही असणार. बाकी मॉस्कोही तशीच, न पुसलेली: लोखंडी दाराचे जिने, जुन्या लिफ्ट, मेट्रोतली गर्दी. नायक अंतोन याचे शेजारी कोस्त्या आणि त्याचा बाप, दोघेही व्हॅम्पायर. बाप खाटीक आहे. व्हॅम्पायरच्या मागावर जायचं तर अंतोनला रक्त प्यावं लागतं, म्हणून तो शेजाऱ्यांकडेच डुकराचं रक्त मागायला जातो, आपण वाटीभर साखर मागतो तसा. आमच्याच जातीच्या शिकारीला निघालायस आणि रक्तही आमच्याचकडे मागतोस, हे कोस्त्याला किती झोंबतं ते पाहण्यासारखं आहे. सिनेमातल्या सगळ्या उडत्या गाड्या एकीकडे आणि हा शेजार एकीकडे.

उत्तरार्ध मात्र गचाळ आहे. शाप लागलेल्या बाईच्या डोक्यावर भोवरा फिरतो, विमान कोसळायच्या बेतात येतं, वीजकेंद्र पेटतं, आणि कोण कशासाठी धावतोय याचा पत्ता लागत नाही. विमानाचा एक बोल्ट निखळून खाली पडत पडत इमारतीच्या झरोक्यातून थेट कुणाच्या कॉफीच्या कपात येतो, ती करामत तेवढी अजून लक्षात आहे. बेकमाम्बेतोव्ह मूळचा जाहिरातवाला. नव्वदच्या दशकात एका बँकेच्या त्याच्या जाहिराती इथे घरोघरी गाजल्या होत्या, त्यामुळे तीस सेकंदांत त्याचा हात धरणारा कोणी नाही.

आता ग्रुपवर कोणालाच न आवडणारा मुद्दा. हा अस्सल मॉस्कोचा सिनेमा ज्यांनी घडवला ते दोघेही मॉस्कोचे नाहीत. ज्याच्या 1998 च्या कादंबरीवरून तो निघाला तो सेर्गेई लुक्यानेन्को आणि स्वतः बेकमाम्बेतोव्ह, दोघांचाही जन्म कझाकस्तानातला. लुक्यानेन्को तर शिक्षणाने मानसोपचारतज्ज्ञ. ज्याला दिवाबत्ती खात्याचा ट्रक लहानपणापासून दिसतोय त्याला तो दिसेनासा होतो, बाहेरून आलेल्याला दिसतो. आपल्याकडे 'मातीतली गोष्ट' म्हटलं की लगेच माती कोणाची यावरच भांडण लागतं. अर्थात बाहेरून आलेला म्हणजे भला माणूस, असं मुळीच नाही. याच लुक्यानेन्कोने 2014 मध्ये आपली पुस्तकं युक्रेनियनमध्ये भाषांतरित होऊ देणार नाही असं जाहीर केलं होतं. ते कळल्यापासून त्याच्या प्रकाशवाल्यांकडे मी जरा संशयानेच बघते. तसं पाहिलं तर कादंबरी आणि सिनेमा दोन्ही आधीपासून तेच सांगतात की प्रकाशाच्या बाजूला असणं म्हणजे चांगलं असणं नव्हे.

आणि दुसरी बाजू, जी इथे राहिल्यावरच नीट कळते. सिनेमामागे 'पेर्वी कनाल' ही देशातली सर्वात दांडगी वाहिनी होती, आणि तिचा प्रमुख कॉन्स्टान्टिन एर्न्स्ट स्वतः निर्माता. सरकारशी बांधलेल्या वाहिनीने ठरवल्यावर सिनेमा घराघरात पोचतोच. प्राइम टाइमच्या सक्तीचं कौतुक करणाऱ्यांना मी विचारते: असा एखादा हात मराठी सिनेमाच्या डोक्यावर आला तर चालेल? मला नाही चालणार. तो हात काय दाखवायचं ते ठरवतो आणि उद्या काय दाखवायचं नाही तेही ठरवतो. त्यापेक्षा शोसाठी भांडत बसणं परवडलं.

मुंज्याला आपला म्हणताना ग्रुपवर 'झोंबिवली' कोणीच काढत नाही याचं मला नवल वाटतं. 2022 च्या जानेवारीत, कोरोनामुळे थिएटरात निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी असताना, आदित्य सरपोतदारने डोंबिवलीत झोंबी सोडले होते. तेही मराठीत, आणि सगळं लचांड पाण्यापासून सुरू होतं. डोंबिवलीकराला पाणी म्हटल्यावर आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. आपला पिवळा ट्रक तो होता. 'मुंज्या' दिग्दर्शित केला तोही याच माणसाने, फक्त भाषा बदलून. बेकमाम्बेतोव्हही पुढचा भाग 2006 च्या एक जानेवारीला लावून झाल्यावर हॉलिवूडला गेला आणि 2008 मध्ये तिथला सिनेमा केला. इथे त्यावर कोणी डोळे गाळल्याचं मला तरी माहीत नाही.

तेव्हा ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: मुंज्या हिंदीत का गेला ते नंतर बघू, आधी सांगा, तुमच्यापैकी 'झोंबिवली' थिएटरात जाऊन किती जणांनी पाहिला? दोघांनी हात वर केला. त्यातल्या एकाने ओटीटीवर पाहिला होता.