ते शिकारीचं चित्र नाहीये

काल रात्रीपासून एक फोटो झूम करकरून बघतेय. दक्षिण आफ्रिकेत ड्रेकन्सबर्गच्या डोंगरात गेम पास नावाची कपार आहे, तिथं सान लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळच्या शिकारी लोकांनी, भिंतीवर रंगवलेलं ईलँड. ईलँड म्हणजे बैलाएवढं हरीण, आपल्या नीलगाईच्या भावकीतलं. मान खाली गेलीय, मागचे पाय एकमेकांत अडकलेत, मरतंय बिचारं. आणि त्याची शेपटी धरून एक माणूस उभा, त्याचेही पाय तस्सेच अडकलेले अन् पावलांच्या जागी खूर!!

याला "आदिमानवाने काढलेला शिकारीचा सीन" म्हणून सोडून द्यायचं? डेव्हिड लुईस-विल्यम्स नावाचे अभ्यासक म्हणतात हा अंगात आलेला माणूस आहे. अंगात येणं आपल्याला वेगळं समजवायला नको, जागरण-गोंधळात बघितलंय की सगळ्यांनी. सान लोकांत बायका टाळ्या वाजवत गातात, पुरुष नाचतात, नाचता नाचता एखादा थरथरतो, वाकतो, नाकातून रक्त येतं आणि मग तो 'मेला' म्हणतात, बाण लागलेल्या ईलँडसारखाच. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही, मलाही प्रत्येक चित्र अंगात आल्याचंच वाटत नाही, पण हे खूर बघितल्यावर दुसरं काय म्हणायचं सांगा.

बरं, ईलँडच का? तर कागेन. नावाआधी जिभेचा एक आवाज आहे, आपण हळहळताना 'च्च' करतो ना तोच. हा देव पण आणि लबाड पण, मँटिस किड्याच्या रूपातला. याने जावयाची चप्पल उचलून पाण्यात ठेवली, त्यातून ईलँड झालं, मध लावून लावून लाडाने वाढवलं, आणि घरच्यांनीच ते मारलं! ही कथा खाम या सान जमातीतल्या कैद्यांनी १८७० च्या दशकात केपटाउनला ब्लीक आणि लॉईड या भाषा-अभ्यासकांना सांगितली, म्हणून उरली. खाम भाषा आज कुणी बोलत नाही.

चप्पल, मध, जावई, मटण... यात पुराण कुठलं आणि घरातलं कुठलं, कसं वेगळं करणार? मुलाची पहिली शिकार ईलँडची, मुलगी वयात आली की नाच ईलँडचा.

१८७३ मध्ये लेसोथोतल्या मालुटी डोंगरात ऑर्पन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याच्या वाटाड्याला, किंग नावाच्या सान माणसाला, विचारलं की हा कागेन असतो कुठे? तो म्हणाला, आम्हाला नाही माहीत, पण ईलँडना माहितीय.