एकट्या जीएसटीआयएनवर भागत नाही
टॅली आणि सॅप ही हिशेब-कारभाराची दोन सॉफ्टवेअर जोडताना व्हेंडरची (पुरवठादाराची) ओळख जीएसटीआयएनवरून, म्हणजे त्याच्या जीएसटी नोंदणी क्रमांकावरून पटवा, असं एका लेखात म्हटलंय. नावावरून जुळवण्यापेक्षा बरंच, पण अपुरं. एकाच नोंदणीवर एखाद्या व्हेंडरचा वाळूजचा प्लांट आणि शेंद्र्याचं गोदाम दोन्ही असू शकतात. 27 ने (महाराष्ट्राच्या कोडने) सुरू होणारा नंबर तोच, मग शेंद्र्याची बिलं बिनबोभाट वाळूजच्या खात्यात चढतात. सोबत साइट कोड, म्हणजे त्या-त्या जागेचा कोड, घ्याच.

खरं दुखणं एक्सेलचं. सॅपच्या टेबलात आकडी व्हेंडर कोड पुढे शून्यं लावून 10 अंकी असतो, उदा. 0000104562. सॅपमधून काढलेली सीएसव्ही (साध्या टेक्स्टमधली तक्त्याची फाइल) एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी 104562 उरतं. जुळणी बोंबलते आणि एररही येत नाही! तो कॉलम टेक्स्ट म्हणूनच इम्पोर्ट करा. न जुळलेल्या ओळी वगळू नका; वेगळ्या काढून रोज अकाउंट्सवाल्यांकडे द्या.